कोडिंगची मुलाखत : कामठी तालुक्यातला पोरगा नेमका अडतो कुठे?

कामठी : जुलै-ऑगस्टचे दिवस. शेतात धानाची रोवणी, सोयाबीनला डवरणी. त्याच दिवसांत तालुक्यातल्या काही घरांत दुसरीच धावपळ असते. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला पोरगा किंवा पोरगी लॅपटॉप उघडून बसलेली असते. टीव्ही बंद, लहान भावंडं बाहेर, मोबाईलचं हॉटस्पॉट खिडकीत. समोरच्या कॅमेऱ्यातून कंपनी पाहत असते आणि पडद्यावर घड्याळ उलटं चालत असतं. नव्वद मिनिटं, दोन-तीन प्रश्न. पुढच्या उन्हाळ्यातली इंटर्नशिप मिळणार की नाही, याचा पहिला फैसला इथेच होतो.

आईबापांना एवढंच समजतं की काहीतरी परीक्षा आहे. दोन तासांनी पोरगा बाहेर येतो आणि 'नाही जमलं' म्हणतो. का नाही जमलं, हे त्याला सांगता येत नाही आणि घरच्यांना विचारता येत नाही. बारावीला चांगले टक्के होते, सीईटी दिली, कॉलेजची फी भरली. काहींनी त्यासाठी कर्ज काढलं, काहींनी वावर गहाण ठेवलं. मग अडलं कुठे?

या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर ही परीक्षा असते कशी, हे आधी समजून घ्यावं लागेल.

तीन पायऱ्यांची चाळणी

इंटर्नशिप म्हणजे शिकत असताना कंपनीत केलेलं उमेदवारीचं काम. उन्हाळ्यात दोन महिन्यांची असते, नाहीतर शेवटच्या सत्रात सहा महिन्यांची. काम पटलं तर कंपनी पुढे तिथेच नोकरी देते. म्हणून मोठ्या कंपन्यांत आता नोकरीचा दरवाजा बऱ्याचदा इंटर्नशिपपासूनच उघडतो.

पहिली पायरी कागदाची. दहावी, बारावी आणि डिग्रीत ६० टक्के, विषय राहिलेला नको, अशी अट बऱ्याच कंपन्या घालतात. एक बॅकलॉग असला तरी अर्ज पुढे सरकत नाही.

दुसरी पायरी ऑनलाइन परीक्षा. काही प्रश्न गणिताचे, काही इंग्रजीचे आणि मग कोड लिहायचे दोन-तीन प्रश्न. इथे तपासणारं मशीन असतं. लिहिलेला प्रोग्राम पंधरा-वीस वेगवेगळ्या उदाहरणांवर चालवून पाहिला जातो. दुसरी खिडकी उघडली की नोंद होते. बहुतेक परीक्षा मोबाईलवर देताच येत नाहीत, लॅपटॉप किंवा कॉम्प्युटरच लागतो.

तिसरी पायरी खरी मुलाखत. कंपनीचा इंजिनिअर व्हिडिओ कॉलवर येतो, प्रश्न देतो आणि म्हणतो, विचार करता करता बोलत राहा. आपली पोरं सगळ्यात जास्त इथेच अडतात.

प्रश्न असतो तरी कसला?

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर असा. खळ्यावर हजार पोती पडली आहेत. प्रत्येकाचं वजन लिहिलेलं आहे. यातली कोणती दोन पोती मिळून बरोबर १०० किलो होतात, ते शोधा.

साधा माणूस काय करेल? पहिलं पोतं उचलेल, बाकीच्या ९९९ पोत्यांशी एकेक करून जोडून पाहील. नाही जुळलं की दुसरं पोतं. असं करत गेलं तर ४ लाख ९९ हजार ५०० जोड्या तपासाव्या लागतात. उत्तर येईल, पण दिवस मावळेल.

आता दुसरी रीत. हातात एक वही घ्यायची. पहिलं पोतं ४२ किलोचं निघालं. म्हणजे जोडीला ५८ पाहिजे. वहीत ५८ आहे का? नाही. मग ४२ लिहून ठेवायचं आणि पुढच्या पोत्याकडे जायचं. पुढे कधीतरी ५८ चं पोतं आलं की ४२ वहीत असतंच. जोडी सापडली. हजार पोत्यांवरून एकदाच चालत गेलं की काम फत्ते.

ही वही म्हणजे कॉम्प्युटरच्या भाषेतला 'हॅश मॅप'. सरावासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या लीटकोड या साइटवरचा पहिल्या क्रमांकाचा प्रश्न हाच आहे. नाव 'टू सम', म्हणजे दोघांची बेरीज.

दुसरं उदाहरण मतदार यादीचं. नावं अक्षरांच्या क्रमाने लावलेली असली तर कुणी पहिल्या पानापासून वाचत बसत नाही. मधलं पान उघडायचं. नाव पुढे असेल तर मागची अर्धी यादी सोडायची, मागे असेल तर पुढची. उरलेल्या भागाचं पुन्हा मधलं पान. हजार नावांत जास्तीत जास्त १० वेळा पान उघडावं लागतं. आणि दहा लाख नावं असली तर? फक्त २० वेळा. यादी हजारपट वाढली, मेहनत दुप्पट झाली. याला 'बायनरी सर्च' म्हणतात.

असे प्रश्न कंपनी विचारते याला कारण आहे. यूपीआयवर पैसे पाठवताना किंवा रेल्वेचं तिकीट काढताना मागे लाखो-करोडो नोंदी असतात. पहिल्या रीतीने शोधत बसलं तर ग्राहक पडद्याकडे पाहत बसेल. म्हणून उत्तर बरोबर येणं पुरेसं नाही, ते किती मेहनतीत आलं हेही मोजलं जातं.

मुलाखत घेणारा काय पाहतो?

समोरच्या इंजिनिअरला उत्तर आधीच माहीत असतं. तो पोराची चाल पाहत असतो.

प्रश्न ऐकल्यावर पोरगा लगेच टाइप करायला लागतो की आधी विचारतो? वजनं पूर्ण आकड्यांत आहेत का? एकच पोतं दोनदा धरायचं का? जोडी नाहीच सापडली तर काय सांगायचं? पोती शून्यच असली तर? हे प्रश्न विचारणं म्हणजे अडाणीपणा नाही. याच प्रश्नांना गुण असतात.

मग पोराने साधी रीत सांगावी, तिला किती वेळ लागेल ते सांगावं आणि त्यानंतर वहीची रीत सांगावी. वहीला जागा लागते हेही बोलावं. वेळ वाचवायचा तर कागद खर्च होतो, हा हिशेब त्याला कळला आहे की नाही, ते इथे समजतं. शेवटी लिहिलेला कोड एका छोट्या उदाहरणावर हाताने चालवून दाखवावा. चूक सापडली तर दुरुस्त करावी. मुलाखत घेणाऱ्याने खूण दिली तर ती पकडावी.

आता कामठीच्या पोराची शाळा आठवा. पहिली ते बारावी आणि पुढे इंजिनिअरिंगच्या पेपरलासुद्धा त्याने काय केलं? गप्प बसून लिहिलं. वर्गात प्रश्न विचारला की 'एवढंही समजत नाही का' हे ऐकलं. मोठ्यांसमोर जास्त बोलू नये, हे घरी शिकला. पंधरा वर्षं गप्प राहायची सवय लागली आणि एके दिवशी अनोळखी माणूस इंग्रजीत म्हणतो, मोठ्याने विचार कर. पोराच्या डोक्यात वही तयार असते, तोंडातून शब्द निघत नाही. पडद्यावर दोन मिनिटं शांतता राहिली की समोरचा समजतो, याला काही सुचलं नाही.

मिहान जवळ, तरी दूर

नागपूरच्या या टोकाला कामठी आणि त्या टोकाला मिहान. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल या कंपन्या मिहानमध्ये आहेत. पुण्यात १९९० साली सुरू झालेल्या पर्सिस्टंट सिस्टिम्सचं ऑफिस परसोडीच्या आयटी पार्कात आहे. ऑटोमोटिव्ह चौकात मेट्रोत बसलं की खापरीपर्यंत एकाच गाडीत जाता येतं. म्हणजे रस्त्याची अडचण राहिलेली नाही.

अडचण यादीची आहे. कंपन्या सगळ्या कॉलेजांत जात नाहीत. १९६० पासूनचं व्हीएनआयटी, २०१६ मध्ये सुरू झालेली बुटीबोरीकडची ट्रिपल आयटी, शहरातली दोन-चार जुनी नावाजलेली कॉलेजं, इथे कंपनी स्वतः येते. वर्गमित्र, सीनिअर, मास्तर सगळे आधीच त्या वाटेने गेलेले असतात. गेल्या वर्षी काय विचारलं, हे हॉस्टेलच्या खोलीतच कळतं.

बाकीच्या कॉलेजांतल्या पोरांना कंपनीच्या साइटवर जाऊन 'ऑफ कॅम्पस' अर्ज करावा लागतो. तिथे देशभरातल्या अर्जांचा ढीग असतो. अर्ज उघडला कधी आणि बंद झाला कधी, हेच बऱ्याच जणांना समजत नाही.

त्यात लॅपटॉपचा प्रश्न. मोबाईलवर व्हिडिओ पाहून समजल्यासारखं वाटतं, पण कोड लिहिल्याशिवाय हात बसत नाही. ट्रॅक्टर चालवायचा व्हिडिओ पाहून कुणी वखरणी शिकत नाही. कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन संच उभे आहेत, वीज याच तालुक्यात तयार होते. पण वादळवारं आलं की गावातली लाइन जाते आणि परीक्षेचं घड्याळ काही थांबत नाही.

मुलींची अडचण आणखी वेगळी. इंटर्नशिप पुणे-बंगलोरला लागली तर पाठवायचं का, इथून घरात चर्चा सुरू होते. छोट्या कंपन्या कधी मानधनच देत नाहीत. खोलीभाडं आणि मेसचा खर्च घरून द्यायचा म्हटलं की संधी हातची सुटते.

ही परीक्षा तरी न्यायाची आहे का?

यावर जगभर वाद आहे. 'होमब्रू' नावाचं सॉफ्टवेअर लाखो प्रोग्रामर वापरतात. ते बनवणाऱ्या मॅक्स हॉवेल यांना गूगलने मुलाखतीत नाकारलं. फळ्यावर 'बायनरी ट्री' उलटं करून दाखवता आलं नाही, असं त्यांनी २०१५ मध्ये जाहीरपणे लिहिलं. त्याआधी २०१३ मध्ये गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लाझ्लो बॉक यांनी कबूल केलं होतं की विमानात किती चेंडू मावतील असल्या कोड्यांनी चांगला कामगार ओळखता येत नाही. कोडी गेली, कोडिंगचे प्रश्न मात्र राहिले.

त्यामुळे नापास झालेल्या पोराने स्वतःला ढ समजू नये. ही मुलाखत एका विशिष्ट कसबाची आहे. कुस्तीत ताकदवान गडीही डाव न शिकता उतरला तर चीत होतो, तसंच हे.

पण सराव केला तर साध्या घरातलं पोरगंही किती पुढे जातं, हे नागपूरनेच पाहिलं आहे. जुलै २०२२ मध्ये शहरातल्या दहावीच्या, १५ वर्षांच्या मुलाने अमेरिकेतल्या कंपनीची कोडिंग स्पर्धा जिंकली. दोन दिवसांत २,०६६ ओळींचा कोड त्याने आईच्या जुन्या लॅपटॉपवर लिहिला होता. कंपनीने वर्षाला ३३ लाखांची नोकरी देऊ केली. वय कळल्यावर ऑफर मागे घेतली आणि आधी शिक्षण पूर्ण कर असं सांगितलं. बातमी ३३ लाखांची झाली. त्या जुन्या लॅपटॉपवर त्याने किती तास काढले असतील, याची चर्चा झाली नाही.

२०२५ नंतर गणित कडक झालं

पूर्वी मोठ्या आयटी कंपन्या हजारोंनी पोरं घ्यायच्या आणि आत घेऊन शिकवायच्या. आता तसं राहिलेलं नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जगभरातल्या मनुष्यबळात सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर कपात जाहीर केली. त्याच वर्षी फेब्रुवारीत इन्फोसिसच्या म्हैसूर केंद्रातून ३०० हून जास्त प्रशिक्षणार्थींना कमी केलं गेलं. कंपनीचं म्हणणं होतं की तीन संधी देऊनही ते अंतर्गत परीक्षा पास झाले नाहीत. म्हणजे आत शिरल्यावरही परीक्षा संपत नाही. नवख्यांचा पगार मात्र अनेक वर्षं वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतो आहे.

त्यात एआय आलं. साधा कोड आता मशीन काही सेकंदात लिहून देतं. मग काही हुशारांनी मुलाखतीतच एआय वापरायला सुरुवात केली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने तर मुलाखतीत लपून उत्तर दाखवणारं सॉफ्टवेअरच बनवलं. २०२५ मध्ये प्रकरण गाजलं आणि विद्यापीठाने त्याच्यावर कारवाई केली. गूगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांनी त्याच वर्षी सांगितलं की मुलाखतीची किमान एक फेरी पुन्हा समोरासमोर घेणार.

गावातल्या पोरांसाठी यात एक धोका आहे आणि एक फायदा. धोका असा, की एआयकडून असाइनमेंट लिहून घ्यायची सवय लागली तर समोरासमोर बसल्यावर हात कोरा. फायदा असा, की तेच एआय मास्तरासारखंही वापरता येतं. उत्तर देऊ नकोस, फक्त माझी चूक दाखव, असं मराठीत लिहिलं तरी ते समजावून सांगतं. पूर्वी यासाठी क्लासला पैसे मोजावे लागायचे.

सरकारी इंटर्नशिप ही वेगळी गोष्ट

गावात या दोन गोष्टींची सरमिसळ होते. पंतप्रधान इंटर्नशिप योजना २०२४ च्या अर्थसंकल्पात आली. पाच वर्षांत एक कोटी तरुण, देशातल्या ५०० मोठ्या कंपन्या असं लक्ष्य. पथदर्शी टप्प्यात महिन्याला ५ हजार आणि सुरुवातीला एकदाच ६ हजार रुपये ठरले. वयाची अट २१ ते २४ आणि पूर्णवेळ शिकणाऱ्याला प्रवेश नाही. म्हणजे तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी त्यात बसतच नव्हता.

पहिल्या फेरीत सुमारे १ लाख २७ हजार जागा निघाल्या, ८२ हजारांवर ऑफर दिल्या गेल्या, २८ हजारांच्या आसपास स्वीकारल्या गेल्या आणि प्रत्यक्ष रुजू झाले सुमारे ८,७००. जागा दूर आणि पैसा कमी असला की काय होतं, ते या आकड्यांत दिसतं.

राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार रुपये महिना ठरला. यातल्या कशातही कोडिंगची मुलाखत नसते. पण सॉफ्टवेअर कंपनीतली जागाही तिथून सहसा मिळत नाही. योजनांच्या अटी बदलत राहतात, म्हणून अर्ज करताना अधिकृत साइटवरच वाचाव्या.

पैसे मागितले की समजा, गडबड आहे

जिथे गरज, तिथे ठग. 'तुमची निवड झाली, लॅपटॉपची अनामत भरा', 'ट्रेनिंग फी भरली की ऑफर लेटर' असे मेसेज व्हॉट्सॲप-टेलिग्रामवर फिरतात. इंटर्नशिप देण्यासाठी चांगली कंपनी पैसे घेत नाही, देते. मुलाखतच न घेता निवड झाली तर तीच पहिली खूण. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करावा आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

मग करायचं काय?

पोरांनी सुरुवात पहिल्या-दुसऱ्या वर्षीच करावी, तिसऱ्या वर्षी जाग येऊन उपयोग नाही. एकच भाषा धरावी, पायथन असो की जावा. रोज एक प्रश्न, न चुकता. महागडा क्लास लागतोच असं नाही. आयआयटींच्या एनपीटीईएलवर डेटा स्ट्रक्चर-अल्गोरिदमचे कोर्स शिकायला फुकट आहेत, फी फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेची. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये सी, पायथनसारखे बरेच धडे मराठी आवाजातही आहेत.

परीक्षेच्या दिवशी लॅपटॉप पूर्ण चार्ज, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिम आणि घरात नेट नीट नसेल तर आदल्या दिवशीच नागपुरातल्या मित्राची खोली ठरवलेली असावी. लाइन गेलीच तर फोटो काढून लगेच कंपनीला मेल टाकावा. मेल केला तर कधी दुसरी संधी मिळते, न केला तर मिळतच नाही.

कॉलेजांनी महिन्यातून एकदा तोंडी सराव मुलाखत घ्यावी. त्याला इमारत लागत नाही, फळा आणि नोकरीला लागलेला एक माजी विद्यार्थी लागतो. तो बंगलोरला असला तरी व्हिडिओ कॉलवर तासभर देऊ शकतो.

आणि ग्रामपंचायतींनी. वडोदा असो, गुमथळा असो की भूगाव, गावात समाजभवन आहे. तिथे एक शांत खोली, एक चांगला कॉम्प्युटर, इन्व्हर्टर आणि नेट एवढं ठेवलं तर गावातली दहा पोरं आळीपाळीने बसतील. स्पर्धा परीक्षेसाठी अभ्यासिका काढायची पद्धत आता गावोगाव रुजली आहे. पोलीस भरतीच्या पुस्तकांच्या शेजारी एक कॉम्प्युटर ठेवायला कुणाची हरकत नसावी.

राहिले आईबाप. त्यांना वाटतं, आपल्याला यातलं काय कळतं? पण सगळ्यात स्वस्त सराव त्यांच्याकडेच आहे. संध्याकाळी पोराला समोर बसवावं आणि म्हणावं, आज काय शिकला ते मराठीत सांग. हजार पोत्यांतून जोडी कशी शोधायची आणि वहीने काम का वाचतं, हे त्याने वावरातून आलेल्या बापाला पटवून दिलं तर त्याला ते खरंच समजलं आहे. बापाने मध्येच विचारावं, 'आणि जोडी नाहीच सापडली तर?'

मुलाखतीत समोरचा इंजिनिअर नेमकं हेच विचारणार आहे. फक्त तो इंग्रजीत विचारेल.